अशरमध्ये कुणी विटा मोजत नाही

"एजे, आम्ही जे लिहितो आणि मग खोडतो, तेसुद्धा तुम्हाला दिसतं का?"

तान्सुलूने विचारलं आणि ती उभीच राहिली. पैजच तशी होती: उभ्याने विचारायचं, मोठ्याने विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही. बसली तर मागच्या बाकावरची मैत्रीण नुरिझा वर्षभर तिला ‘कोकरू’ म्हणणार. टिकली तर नुरिझाच्या खिशातला सगळा कुरुत तिचा. खारवलेल्या दह्याचे ते वाळके गोळे नुरिझा कुणाला चाटायलासुद्धा देत नसे, तेव्हा पैज लहानसहान नव्हती.

दहावीचा वर्ग चिडीचूप झाला. एवढी धिटाई, आणि तीही तान्सुलूची? वर्षापूर्वी ही मुलगी हजेरीलासुद्धा स्वतःच्या बुटांकडे बघून ‘हजर’ म्हणायची. वर्गशिक्षक मिर्झात अगाय तेव्हा म्हणत, "बूट आलेत ते कळलं. मुलगी आलीय का?"

आज मिर्झात अगाय खिडकीपाशी उभे होते, आणि फळ्यासमोर होत्या बिश्केकच्या विद्यापीठातून आलेल्या चोल्पोन एजे, म्हणजे चोल्पोनताई. खोऱ्यातल्या अकरा शाळांची मुलं जानेवारीपासून ‘अशर’ नावाच्या एका ऑनलाइन जागेवर गटागटाने अभ्यास करत होती. तिथे कोण कधी आलं, कुणी कुणाचं वाचलं, कुणी कुणाला उत्तर दिलं, याची एकूण एक नोंद चोल्पोन एजेंकडे जमा होत होती. त्या नोंदी वाचून मुलं एकमेकांकडून कशी शिकतात ते शोधणं, हे त्यांचं काम.

"खोडलेले शब्द मला दिसत नाहीत," त्या म्हणाल्या. "पण कुणीतरी लिहायला लागलं, थांबलं, मागे गेलं, एवढं दिसतं. किती वेळा आणि किती वेळ, तेही."

"म्हणजे चोर दिसत नाही, पण पावलं दिसतात," मिर्झात अगाय म्हणाले. शेवटच्या बाकावरच्या दोन मुलांना अचानक वही उघडायची आठवण झाली.

"हे सगळं तुमच्या घरच्यांनी सही केलेल्या कागदात लिहिलं होतं," चोल्पोन एजे म्हणाल्या. "कुणी वाचला होता तो?"

एकही हात वर गेला नाही.

"मग आज वाचा. कुणाला नको वाटलं तर सांगा, त्याच्या नोंदी मी काढून टाकीन. आणि तू बस, मुली. प्रश्न चांगला होता. अकरा शाळांत कुणी विचारला नाही."

तान्सुलू बसली आणि बाकाखालून हात मागे पसरला. नुरिझाने त्यात एक गोळा ठेवला. हात हलला नाही. दुसरा ठेवला. हात तसाच. "घशात अडकेल मेलीच्या," असं पुटपुटत नुरिझाने खिसा उलटा केला. नुरिझाच्या शेजारी बसलेली उल्कान हसली. उल्कानचं हसणं म्हणजे नुसतं नाकातून वारा सोडणं. ती बोलायचीही तशीच, अर्ध्या वाऱ्यावर. शिक्षकांचं तिच्याबद्दलचं मत एका शब्दात मावायचं: मंद.

मग एजेंनी पडद्यावर चित्र लावलं. प्रत्येक मूल एक ठिपका. जो जितका लिहील, तितका त्याचा ठिपका मोठा. ज्याने ज्याला उत्तर दिलं, त्यांच्यामध्ये रेघ. पलीकडच्या गावातल्या एका गटाचं चित्र कोळ्याच्या जाळ्यासारखं गच्च विणलेलं होतं. आणि या वर्गातल्या तिघींच्या गटात एक ठिपका तेलात तळून फुगलेल्या पिठाच्या गोळ्याएवढा, बोरसोकएवढा, शेजारी पिसवेच्या अंड्यांसारखे दोन फिकट ठिपके.

फुगलेला ठिपका तान्सुलूचा होता. फिकट दोन उल्कानचे आणि नुरिझाचे.

"गावाच्या पाटाला पाणी कधी सुटेल याचा अंदाज बांधायचा, हा या गटाचा विषय," चोल्पोन एजे म्हणाल्या. "बर्फाची मापं, उन्हाचे तास, मागच्या सात वर्षांच्या तारखा. सगळ्या खोऱ्यात याहून चांगलं काम मला मिळालं नाही. आणि नोंदीप्रमाणे ते जवळजवळ सगळं एकटीने केलंय. प्रत्येक शाळेतून ज्याचं काम सर्वांत जास्त, त्याला जुलैचा महिनाभर बिश्केकला विद्यापीठात शिकायला यायचंय. या शाळेतून तान्सुलू येईल."

टाळ्या वाजल्या. तान्सुलूच्या कानांत वारा शिरला. बिश्केक. महिनाभर. ती इतकी खूश झाली की एकटीने म्हणजे काय, हे तिच्या डोक्यात शिरेपर्यंत टाळ्या थांबल्यासुद्धा होत्या. तिने वळून पाहिलं.

"माझा ठिपका बघितलास?" नुरिझा म्हणाली. "चष्मा लावला तरी दिसायचा नाही."

"माझ्या नावापुढे शून्य आहे," उल्कान म्हणाली. "असू दे. मला सवय आहे."

आता खरी गोष्ट अशी होती. उल्कानचं घर गावाबाहेर, डोंगराच्या पोटात, मेंढवाड्यापाशी. तिथे फोनला नेटचा वारासुद्धा लागत नाही. नुरिझाच्या घरी एक फोन आणि पाच भावंडं. म्हणून जानेवारीपासून दर गुरुवारी तिघी तान्सुलूच्या घरी जमायच्या, कारण तिथल्या स्वयंपाकघराच्या खिडकीत नेट यायचं. शिवाय गुरुवारी तान्सुलूची आई, आपा, पितरांच्या नावाने तेल तापवून बोरसोक तळायची. पितरांना वास पोचायचा, बाकीचं पोरींना. खिडकीत एकच फोन. घर तान्सुलूचं, तर नावही तान्सुलूचं. जिला सुचेल तिने फोन ओढायचा आणि लिहायचं. प्रत्येक वेळी बाहेर पडून आपापल्या नावाने आत यायचं, असं तिघींपैकी एकीच्याही मनात आलं नाही. कसं येईल? गावात कुणाचं घर बांधायचं निघालं की अशर होतो, सगळा गाव मातीच्या विटा पाडायला येतो, आणि घर उभं राहिलं की ते ज्याचं अंगण त्याचं. अमक्या भिंतीत माझ्या चाळीस विटा आहेत, असं कुणी म्हणालं तर लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. आणि त्या ऑनलाइन जागेचं नावच अशर होतं. पोरींनी नाव खरं मानलं.

घरी पोचेपर्यंत आके, म्हणजे तान्सुलूचे वडील, घोड्यावर बसून निम्मा गाव फिरून आले होते. त्यांना बातमी मिर्झात अगायांनी दिली होती आणि त्यांनी ती उरलेल्या सगळ्यांना. संध्याकाळपर्यंत दुकानदार, दाई, पाटावरचा राखणदार, सगळे तान्सुलूला ‘बिश्केकवाली’ म्हणू लागले. आपाने पेटीतून निळा झगा काढला, उन्हात झटकला आणि म्हणाली, "सांग बघू, तिथे कुणी विचारलं तर काय सांगशील? एवढं काम कुणी केलं?"

"मी," तान्सुलू म्हणाली.

तो एक शब्द तिच्या दाताखाली खड्यासारखा आला. जेवणात मन लागलं नाही, आणि जेवणात मन लागत नाही म्हणजे तान्सुलूच्या बाबतीत प्रकरण गंभीर.

सकाळी शाळा भरायच्या आधीच ती शिक्षकांच्या खोलीत पोचली. चोल्पोन एजे चहाच्या वाडग्यात पाव बुडवत होत्या.

"एजे, ते मी एकटीने केलेलं नाही. आम्ही तिघींनी केलंय. माझ्या नावावरून, एवढंच."

मग तिने खिडकी, फोन, गुरुवार, बोरसोक, सगळं सांगितलं, एका श्वासात. एजेंनी पाव तसाच बुडू दिला.

"चार महिने मी त्या ठिपक्याकडे बघतेय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, ही मुलगी गुरुवारीच का एवढी हुशार होते? आणि बाकीच्या दोघी आळशी, असं लिहूनही टाकलं मी. चूक माझी. आकडा बघितला, खिडकी बघितली नाही."

"मग बदला ना."

"तुझ्या सांगण्यावर माझा विश्वास आहे. पण विश्वास वेगळा आणि नोंद वेगळी. उद्या प्रत्येक गावातून कुणीतरी येईल आणि म्हणेल, आमचंही तसंच होतं. नोंदीतच काही सापडलं तर बघता येईल." त्यांनी लॅपटॉप ओढला. "हे तुझ्या नावावरचं आहे, म्हणून तुला दाखवते. बघू ना?"

पडद्यावर आकड्यांची उतरंड लागली. एक कळ दाबली आणि पुढची दाबली, त्यांच्यामधला वेळ. नुसते आकडे, खाली खाली. तान्सुलू बघत राहिली. एका ठिकाणी आकडे जवळजवळ सारखे आणि लहान. एका ठिकाणी मोठे, सावकाश. एका ठिकाणी लहान, लहान, मग एकदम मोठा, मग मागे. तिची बोटं आपोआप टेबलावर वाजू लागली.

"एजे, याचा आवाज करता येतो का? एका कळीला एक टक."

"आवाज कशाला?"

"आमच्याकडे रस्त्यावरून कुणाचा घोडा गेला ते बघायला कुणी उठत नाही. नुसतं ऐकतात."

एजेंनी काहीतरी खटपट केली. लॅपटॉपमधून टापा निघू लागल्या. टक, टक, टक-टक. फेब्रुवारीतला एक गुरुवार शिक्षकांच्या खोलीतून चालू लागला.

नेमके तेव्हाच आके दुधाची बरणी घेऊन आले, पाहुणीसाठी. दारातच थांबले. टोपी मागे सारली, मान कलती केली.

"कुणाचे घोडे?" त्यांनी विचारलं.

तान्सुलू तोंड उघडणार तोच एजेंनी तिचा हात दाबला. "किती आहेत ते सांगा, बायके."

‘बायके’ ही मोठ्या माणसाला मारायची मानाची हाक ऐकून आके लगेच बसले. "पुन्हा लावा." पुन्हा लावलं. डोळे मिटून त्यांनी तीन गुरुवार ऐकले. बाहेर घंटा झाली, कुणी हललं नाही.

"तीन," ते म्हणाले. "एक चौखूर उधळते, मागे वळून बघायची नाही. हिला लगाम लावा, नाहीतर खड्ड्यात जाईल."

तान्सुलूने ओठ चावला. नुरिझा, दुसरी कोण.

"दुसरी संथ. थांबते, विचार करते, मग पाऊल टाकते. पण ऐका, ही थांबली की बाकीच्या निघतात. खिंडीत नवं बर्फ पडल्यावर पुढे घालतात ना, तसला घोडा आहे हा. वाट हीच काढते. बाकीच्या हिच्या पावलात पाऊल टाकतात."

"आणि तिसरी?" एजेंनी विचारलं.

"तिसरं शिंगरू आहे. पहिल्या वेळी केवढं ठेचकाळत होतं, दोन पावलं पुढे, तीन मागे. शेवटच्या वेळी बघा, नीट दुडक्या चालीने निघालंय." त्यांनी डोळे उघडले. "कुणीतरी मायेने शिकवलंय त्याला. चाबूक न मारता. चांगलं झालं, नाहीतर अशी शिंगरं पुढे कामाची राहत नाहीत. दूध तापवून प्या, एजे." आणि ते गेले.

तान्सुलू खुर्चीवर बसून राहिली. तिला ते पहिले गुरुवार आठवले. ती लिहायची आणि खोडायची, लिहायची आणि खोडायची, आणि शेजारून उल्कान अर्ध्या वाऱ्यावर म्हणायची, "खोडू नकोस. राहू दे. चुकलं तर चुकलं, आपण तिघी आहोत." दर गुरुवारी तेच, न कंटाळता. तिला वाटत होतं धिटाई आपोआप आली, उंची वाढते तशी. आली नव्हती. कुणीतरी ती चमच्याचमच्याने भरवली होती, आणि त्या माणसाच्या नावापुढे शून्य होतं.

डोळ्यांत पाणी आलं तिच्या. दुःखाचं नव्हतं ते. आपल्याला एवढं मिळालं आणि आपण साधं मोजलंही नाही, त्याचं होतं.

एजे त्या दिवशी दुपारपर्यंत कामात होत्या. त्यांनी यंत्राला नावं न सांगता सगळे गुरुवार दिले आणि सारख्या चालीचे तुकडे वेगळे करायला लावलं. यंत्रानेही तीनच ढीग केले.

"यंत्राला पंधरा मिनिटं लागली," त्या तान्सुलूला म्हणाल्या. "तुझ्या वडिलांना तीन गुरुवार."

शाळा सुटल्यावर तिघींना समोर बसवून त्या म्हणाल्या, "नीट ऐका. तीन जणी होत्या, हे आता मी लिहू शकते, आणि लिहिणार. पण कोणता ढीग कुणाचा, हे ठरवायचं तर तुम्ही तिघींनी माझ्यासमोर थोडं थोडं लिहायला हवं. म्हणजे चालीवरून माणूस ओळखणं आलं. ते तुम्हाला विचारल्याशिवाय मी करणार नाही. एकीने जरी नको म्हटलं, तर नाही. मग बिश्केकची जागा आहे तशीच राहील, तान्सुलूच्या नावावर."

"आणि सगळ्यात मोठा ढीग ज्याचा, त्याला जागा?" नुरिझाने विचारलं.

"हो. नियम तोच."

"माझा नाही, मला माहीत आहे. मी लिहिलं कमी आणि खाल्लं जास्त." नुरिझाने कागद ओढून सही ठोकली. "तेही यंत्रात दिसत असेल तर दाखवू नका."

तान्सुलूने सही केली. पेन उल्कानपुढे ठेवलं. उल्कानने ते उचललं नाही.

"नको, एजे," ती म्हणाली.

"का गं?" तान्सुलू म्हणाली. "मोठा ढीग तुझा आहे. सगळ्यांना माहीत आहे. माझ्या आकेंनासुद्धा, फक्त त्यांना माहीत नाही की त्यांना माहीत आहे."

"तुझे आके गावभर सांगून आलेत. आमच्या मेंढवाड्यापर्यंत आले होते, कुत्रं सोडलं तरी थांबले नाहीत, सांगूनच गेले. तुझ्या आपाने झगा काढलाय. आता मी सही केली तर त्यांची मान खाली जाईल." उल्कान एका दमात एवढं कधी बोलली नव्हती. "आणि जुलैत आम्ही वर कुरणावर असतो. दुभत्या घोड्यांचं दूध दोन-दोन तासांनी काढावं लागतं. माझे आके मला सोडतील? ते म्हणतील, मंद पोरगी शहरात जाऊन काय करणार."

"शून्य नसेल तर नाही म्हणणार तसं."

"आधी घरी सांग," उल्कान म्हणाली. "तुझे घरचे रागावले नाहीत तर उद्या सकाळी सही करते. रागावले तर विषय संपला. मला त्या खिडकीत पुन्हा बसायचंय."

चोल्पोन एजे दोघींकडे बघत होत्या. "उद्या दहाला माझी गाडी आहे," एवढंच त्या म्हणाल्या. मग उठताना त्यांनी तान्सुलूच्या खांद्यावर हात ठेवला. "तू आली नसतीस तर मी चुकीचं चित्र घेऊन गेले असते. आभारी आहे."

बिश्केकहून आलेल्या, एवढं शिकलेल्या बाईने दहावीतल्या मुलीचे आभार मानावेत, याने एरवी तान्सुलू आठवडाभर हवेत राहिली असती. आज ती पळत घरी निघाली, कारण थांबली असती तर विचार केला असता आणि विचार केला असता तर ठेचकाळली असती.

घरी आपा निळ्या झग्याची बाही खाली सोडत होती. आके खोगिराचा पट्टा दुरुस्त करत बसले होते आणि शेजारच्या काकांना तिसऱ्यांदा सांगत होते की बिश्केकला उन्हाळ्यात फार उकडतं, पण हुशार माणसाला काय त्याचं. काका गेले. तान्सुलू उंबऱ्याच्या आत उभी राहिली. बुटांकडे बघायची जुनी सवय एकदा येऊन गेली. तिने मान वर केली.

"आके, सकाळी तुम्ही ऐकलेत ते घोडे नव्हते. आम्ही तिघी होतो. गुरुवारी खिडकीत लिहिताना."

आकेंच्या हातातली सुई थांबली. बहुतेक ते टापा पुन्हा ऐकत होते.

"ते शिंगरू..." ते म्हणाले.

"मी."

"आणि वाट काढणारी?"

"उल्कान."

"ती मेंढवाड्यावरची?" आपाने सुई झग्यात टोचून ठेवली. "ती तर बोरसोकसुद्धा मागून घेत नाही. मीच तिच्या हातात कोंबते."

"घोडा मागत नाही," आके म्हणाले. "चालतो." त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "गावाला काय सांगू मी आता? दाईला सांगितलंय. पाटाच्या राखणदाराला सांगितलंय. तिच्या बापालाही सांगून आलोय, कुत्रं चावता चावता."

"तुम्ही रागावलात?"

"घोडा ओळखायला चुकलो नाही, मग रागावू कशाला," ते म्हणाले, पण आवाज नेहमीएवढा मोठा नव्हता. "माझी पोरगी जाणार म्हणून दोन दिवस उंच बसलो होतो, एवढंच. उतरायला जरा वेळ लागेल."

आपा उठली, तान्सुलूपाशी आली, आणि तो झगा हातातल्या हातात घडी करू लागली. एकदा, दोनदा. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते कळेना. "उल्कान तुझ्यापेक्षा बोटभर बुटकी आहे," ती शेवटी म्हणाली. "बाही उगाच सोडली."

तान्सुलूला आपाच्या गळ्यात पडावंसं वाटलं, आकेंच्या, त्या खिडकीच्याही. पण अजून अर्धंच सांगून झालं होतं, आणि उरलेलं अर्धं रस्त्यात, पळता पळता ठरलं होतं. तिने छातीत श्वास भरून घेतला.

"आके, आपा, जुलैत बिश्केकला उल्कान जाणार, आणि तिच्या आकेंना नाही म्हणता येऊ नये म्हणून महिनाभर कुरणावर त्यांच्या घोड्या दोहायला मी जाणार. उद्यापासून मला दोहायला शिकवा."